केसपेपर रुग्णालयाचा, इतिहास रुग्णाचा

खान्देशातील बहुतेक घरांत एक पिशवी असते. कधी ती खुंटीला टांगलेली असते, तर कधी लोखंडी कपाटात साड्यांच्या घड्यांखाली ठेवलेली असते. कापड दुकानाचे नाव छापलेल्या या पिशवीत घरातील सर्वांची दुखणी एकत्र नांदत असतात. आजोबांच्या छातीचा एक्स-रे, सुनेच्या बाळंतपणाच्या वेळची सोनोग्राफी, रक्ततपासणीचे अहवाल, अर्धवट फाटलेल्या औषधांच्या चिठ्ठ्या आणि मेडिकल दुकानाची बिले. मोठे दुखणे निघाले की प्रथम ही पिशवी शोधली जाते. शहरातील डॉक्टरांच्या टेबलावर ती रिकामी केली जाते. डॉक्टर कागद चाळतात आणि बहुधा एकच प्रश्न विचारतात, 'त्या वेळच्या ऑपरेशनचे कागद कुठे आहेत?' नेमके तेच कागद पिशवीत नसतात.

जळगाव जिल्ह्यातील जामनेर तालुक्यातले पहूर हे जळगावहून अजिंठ्यामार्गे छत्रपती संभाजीनगरकडे जाणाऱ्या महामार्गावरचे मोठे गाव. येथून जामनेर आणि पाचोरा जवळ, उत्तरेला जळगाव, तर दक्षिणेला अजिंठ्याच्या दिशेने गेले की मराठवाडा सुरू होतो. दुखणे किरकोळ असेल तर गावातच उपचार होतात. ते वाढले की जामनेर वा पाचोरा, मग जळगाव, काही वेळा संभाजीनगर आणि मुले नोकरीनिमित्त बाहेर असतील तर पुणे किंवा मुंबई, असा रुग्णाचा प्रवास होतो. रुग्ण एक, परंतु त्याच्या आजाराचा इतिहास मात्र चार गावांतील चार दवाखान्यांत विखुरलेला, अशी स्थिती असते. ब्रिटनमध्ये रुग्णाने आपला नेहमीचा डॉक्टर बदलला, की त्याच्या नोंदीही नव्या डॉक्टरकडे पाठविल्या जातात. आपल्याकडे हे टपाल रुग्णाला स्वतःच वाहून न्यावे लागते.

हे काम किती महत्त्वाचे आहे, हे समजण्यासाठी एक काल्पनिक उदाहरण घेऊ. पहूर परिसरातील एका शेतकऱ्याच्या मानेवरची गाठ चार वर्षांपूर्वी एका खासगी रुग्णालयात काढण्यात आली. गाठीचा तुकडा तपासणीस गेला, अहवाल चांगला आला आणि घरच्यांनी सुटकेचा श्वास सोडला. आता त्याच जागी पुन्हा गाठ आली आहे. पुण्यात मुलाकडे आल्यावर तेथील तज्ज्ञ जुना अहवाल, शस्त्रक्रियेची टिपणी आणि गाठीच्या तुकड्याची काचपट्टी मागतात. मुलगा जुन्या रुग्णालयात जातो. 'तीन वर्षांपूर्वीच्या फायली आम्ही ठेवत नाही,' असे उत्तर त्याला मिळते. हे उत्तर ऐकून त्याला संताप येणे स्वाभाविक आहे, परंतु नियमांच्या दृष्टीने त्या रुग्णालयाचे फारसे चुकलेले नसते. रुग्णाला त्याच्या नोंदी मिळविण्याचा हक्क होता. तो बजावण्याची वेळ मात्र निघून गेलेली असते.

हक्क कसा प्रस्थापित झाला?

'केसपेपर ही रुग्णालयाची मालमत्ता आहे, ती बाहेर देता येत नाही,' असे उत्तर आजही काही ठिकाणी ऐकू येते. काही वेळा त्याला गोपनीयतेचे कारणही जोडले जाते. या दोन्ही सबबींचा निकाल मुंबई उच्च न्यायालयाने १९९६ मध्येच लावला आहे. रघुनाथ रहेजा विरुद्ध महाराष्ट्र मेडिकल कौन्सिल या खटल्यात न्यायालयाने स्पष्ट केले, की रुग्णाने किंवा त्याच्या जवळच्या नातेवाइकाने मागणी केल्यास केसपेपरच्या प्रती देणे रुग्णालयावर व डॉक्टरांवर बंधनकारक आहे. रुग्णाच्याच कागदांबाबत रुग्णापासून गुप्तता पाळण्याचा दावा करता येणार नाही. प्रती काढण्याचा नेहमीचा खर्च मात्र रुग्णालयाला मागता येईल. एवढ्यावर न थांबता, राज्यातील सर्व रुग्णालये व डॉक्टरांना तशी परिपत्रके पाठवावीत, असा आदेशही न्यायालयाने कौन्सिलला दिला.

गोपनीयतेचे तत्त्व वैद्यकीय व्यवसायात अत्यंत महत्त्वाचे आहे, यात शंका नाही. परंतु ते रुग्णाच्या संरक्षणासाठी आहे. रुग्णाची माहिती शेजाऱ्याला, मालकाला किंवा सोयरिकीसाठी चौकशी करणाऱ्या पाहुण्याला मिळू नये, हा त्याचा उद्देश. तेच तत्त्व रुग्णाच्या विरुद्ध वापरता येत नाही.

मालकीचा प्रश्नही तसाच आहे. ज्या कागदावर नोंद लिहिली, तो कागद रुग्णालयाचा. त्यामुळे मूळ फाइल रुग्णालयाकडेच राहते आणि रुग्णाला तिची प्रत मिळते. परंतु त्या कागदावरील माहिती रुग्णाची असते. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने संगणकीय आरोग्य नोंदींसाठी २०१६ मध्ये जी सुधारित मानके प्रसिद्ध केली, त्यांतही हीच भूमिका घेतलेली आहे. रुग्णालय हे या नोंदींचे विश्वस्त असून त्यांतील माहिती रुग्णाची आहे, असे ही मानके सांगतात.

बहात्तर तास आणि तीन वर्षे

भारतीय वैद्यक परिषदेच्या व्यावसायिक आचरणविषयक २००२ च्या विनियमांत या हक्काला मुदतीची जोड मिळाली. त्यांतील दोन आकडे प्रत्येक कुटुंबाने लक्षात ठेवावेत असे आहेत.

पहिला आकडा बहात्तर तासांचा. रुग्णाने, त्याने अधिकृत केलेल्या व्यक्तीने किंवा कायदेशीर यंत्रणेने नोंदी मागितल्यास त्या मागणीची पोच द्यावी आणि ७२ तासांच्या आत कागदपत्रे द्यावीत, असे हा विनियम सांगतो. मागणी करूनही या मुदतीत नोंदी न देणे हे डॉक्टरचे व्यावसायिक गैरवर्तन ठरते.

दुसरा आकडा तीन वर्षांचा. रुग्णालयात दाखल झालेल्या रुग्णाच्या नोंदी उपचार सुरू झाल्याच्या तारखेपासून तीन वर्षे जतन करणे डॉक्टरवर बंधनकारक आहे. ही मुदत उपचार संपल्यापासून नव्हे, तर सुरू झाल्यापासून मोजली जाते, हे ध्यानात घेण्यासारखे आहे. अनेक मोठी रुग्णालये याहून अधिक काळ फायली सांभाळतात. पोलिसांकडे नोंद झालेल्या किंवा न्यायप्रविष्ट प्रकरणांच्या फायली निकाल लागेपर्यंत ठेवण्याची दक्षता घेतली जाते. तथापि, लहान रुग्णालयाकडून तीन वर्षांनंतर फाइल मिळेलच, असे रुग्णाने गृहीत धरू नये.

राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने ऑगस्ट २०२३ मध्ये नवे विनियम जाहीर केले होते. त्यांत नोंदी देण्याची मुदत पाच कामकाजी दिवस करण्यात आली होती आणि तीन वर्षांची गणना रुग्णाशी आलेल्या शेवटच्या संपर्कापासून करावयाची होती. परंतु त्याच महिन्यात हे विनियम स्थगित ठेवण्यात आले व २००२ ची चौकट पुन्हा लागू झाली. त्यामुळे 'आता पाच दिवस लागतात' असे सांगणाऱ्यांना ही वस्तुस्थिती नम्रपणे निदर्शनास आणून द्यावी.

राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने २०१८ मध्ये तयार केलेल्या रुग्ण हक्क सनदेतही नोंदींच्या हक्काचा समावेश आहे. रुग्ण दाखल असताना शक्यतो २४ तासांत आणि घरी सोडल्यानंतर ७२ तासांत प्रती मिळाव्यात, अशी तिची अपेक्षा आहे. महाराष्ट्रात खासगी रुग्णालयांची नोंदणी १९४९ च्या शुश्रूषागृह नोंदणी कायद्यान्वये होते. या कायद्याखालील नियमांत २०२१ मध्ये सुधारणा झाली आणि रुग्ण हक्कांची सनद दर्शनी भागात लावणे रुग्णालयांवर बंधनकारक झाले. रुग्णालयात पाऊल ठेवताच देवाच्या तसबिरीशेजारी ही सनद दिसते का, हे पाहण्याची सवय नातेवाइकांनी लावून घ्यावी.

डिस्चार्ज कार्ड म्हणजे फाइल नव्हे

रुग्णाला घरी सोडताना जे डिस्चार्ज कार्ड मिळते, ते संपूर्ण नोंदींचे केवळ सार असते. 'शस्त्रक्रिया केली, प्रकृती स्थिर' एवढ्या दोन ओळींमागे पन्नास-साठ पानांची फाइल असू शकते. दाखल करतेवेळची तपासणी, डॉक्टरांची रोजची टिपणे, परिचारिकांनी लिहिलेला ताप, नाडी व रक्तदाबाचा तक्ता, दिलेल्या औषधांची वेळेनुसार नोंद, शस्त्रक्रियेची व भूलतज्ज्ञाची टिपणी, रक्त चढविल्याची नोंद, रुग्णाने सही केलेले संमतिपत्र हे सर्व त्या फाइलमध्ये असते. पुढच्या डॉक्टरला पुष्कळदा हीच पाने हवी असतात. एखाद्या रुग्णाला भूल देताना श्वासनलिकेत नळी घालणे अवघड गेले होते किंवा एखाद्या इंजेक्शनची तीव्र प्रतिक्रिया आली होती, ही माहिती पुढच्या शस्त्रक्रियेच्या वेळी जीव वाचवू शकते.

काही वस्तू तर कागदाहूनही महत्त्वाच्या असतात. कर्करोगाच्या संशयावरून काढलेल्या तुकड्याचा मेणातील ठोकळा व काचपट्ट्या हे त्याचे ठळक उदाहरण. परळच्या टाटा स्मारक रुग्णालयासारख्या संस्थेत बाहेरून आलेल्या रुग्णाच्या काचपट्ट्या व ठोकळे पुन्हा तपासले जातात, कारण संपूर्ण उपचारांची दिशा त्या निदानावर ठरते. हे नमुने अनेकदा रुग्णालयाकडे नसून ज्या पॅथॉलॉजी प्रयोगशाळेत तपासणी झाली तेथे असतात. म्हणून रुग्णालयाची फाइल नष्ट झाली म्हणजे ठोकळाही नष्ट झाला, असे समजू नये. वरील उदाहरणातील शेतकऱ्याच्या मुलाने रुग्णालयातून परतण्यापूर्वी जुन्या अहवालावरील प्रयोगशाळेचे नाव शोधून तेथे चौकशी करणे आवश्यक आहे.

हृदयाच्या धमनीत बसविलेल्या स्टेंटची माहितीही अशीच. स्टेंट कोणत्या धमनीत, कोणत्या मापाचा व कोणत्या प्रकारचा बसविला, हे पुढच्या हृदयरोगतज्ज्ञाला हवे असते. राष्ट्रीय औषध किंमत निर्धारण प्राधिकरणाने फेब्रुवारी २०१७ मध्ये स्टेंटच्या कमाल किमती ठरविल्या. त्याच वेळी बिलात स्टेंटची किंमत, ब्रँड, उत्पादक व बॅच क्रमांक स्वतंत्रपणे दाखविण्याचे बंधनही घातले. त्यामुळे अशा उपचारांचे बिल हीसुद्धा एक वैद्यकीय नोंद आहे. ते हिशेब संपला म्हणून फेकून देऊ नये. पेसमेकर बसविलेल्या रुग्णाने त्याचे कार्ड नेहमी जवळ बाळगावे. एमआरआय करता येईल की नाही, हे त्यावरून ठरते.

सीटी स्कॅन व एमआरआय यांच्या बाबतीत केवळ लेखी अहवाल वा फिल्म पुरेशी नसते. मूळ प्रतिमा असलेली सीडी मागून घ्यावी. ईसीजीचा कागद उष्णतेवर छापला जाणारा असल्याने काही वर्षांत तो फिकट होतो. त्याची लगेच झेरॉक्स काढावी. अशा कागदाला लॅमिनेशन करू नये, कारण त्या उष्णतेने संपूर्ण कागद काळा पडण्याचा धोका असतो.

अर्ज कसा करावा?

तोंडी मागणीला तोंडी नकार मिळतो आणि दोन्हींचा पुरावा राहत नाही. त्यामुळे मागणी लेखीच असावी. त्यासाठी वकिलाची गरज नाही. साध्या कागदावर, संबंधित डॉक्टर किंवा वैद्यकीय अधीक्षक यांच्या नावे अर्ज लिहावा. त्यात रुग्णाचे पूर्ण नाव, वय, पत्ता, दाखल झाल्याची व घरी सोडल्याची तारीख, आंतररुग्ण किंवा बाह्यरुग्ण क्रमांक आणि उपचार करणाऱ्या डॉक्टरांचे नाव नमूद करावे. हा क्रमांक जुन्या बिलावर किंवा डिस्चार्ज कार्डावर सापडतो. 'सर्व कागद द्यावेत' एवढे मोघम न लिहिता कोणते कागद हवेत, याची यादी द्यावी आणि प्रतींचे शुल्क भरण्याची तयारी असल्याचे स्पष्ट करावे.

अर्जासोबत ओळखपत्राची प्रत जोडावी. रुग्ण स्वतः येऊ शकत नसेल, तर त्याच्या सहीचे अधिकारपत्र व येणाऱ्या व्यक्तीचे ओळखपत्र द्यावे. पहूरला राहणाऱ्या वडिलांचे कागद पुण्यातील मुलाने मागताना हे अधिकारपत्र नसेल, तर रुग्णालयाने दिलेला नकार योग्यच मानावा लागेल. रुग्ण मृत झाला असल्यास मृत्यू दाखला आणि नात्याचा पुरावा जोडावा.

अर्जाच्या दोन प्रती कराव्यात. एक रुग्णालयास द्यावी व दुसरीवर तारीख, वेळ, सही आणि शिक्का घ्यावा. ७२ तासांची गणना करताना ही पोचच उपयोगी पडते. पोच देण्यास कोणी टाळाटाळ केली, तर अर्ज पोचपावतीसह स्पीड पोस्टाने पाठवावा. प्रती हाती आल्यावर पाने मोजावीत, क्रमाने आहेत का ते पाहावे आणि प्रत्येक पानावर रुग्णालयाचा शिक्का घ्यावा.

रुग्णालयाची बाजूही येथे समजून घेतली पाहिजे. तालुक्याच्या गावातील दहा खाटांचे रुग्णालय अनेकदा डॉक्टर पती-पत्नी चालवितात. मोठ्या संस्थांप्रमाणे तेथे नोंदींचा स्वतंत्र विभाग नसतो. एका कपाटात वर्षांनुसार बांधलेले गठ्ठे आणि ते ओळखणारा एखादा जुना कर्मचारी, हीच तेथील व्यवस्था. फाइल मागणारा नातेवाईक म्हणजे उद्याचा तक्रारदार, अशी भीतीही डॉक्टरांच्या मनात असते. परंतु कागद अडवून ठेवल्याने ही भीती दूर होत नाही. वाद उद्भवलाच, तर नोंदी सादर न करणाऱ्या डॉक्टरच्या विरोधात प्रतिकूल निष्कर्ष काढला जाऊ शकतो. उलट, वेळेवर लिहिलेली व स्वच्छ ठेवलेली फाइल हाच डॉक्टरचा सर्वांत मोठा साक्षीदार असतो. अर्जाची भाषा सौम्य असावी व 'पुढील उपचारांसाठी' हे कारण खरे असल्यास ते लिहावे. त्यामुळे बरेचसे काम सोपे होते. तथापि, कारण सांगणे ही हक्काची अट नाही.

बिलाच्या थकबाकीवरून कागद अडविल्याचीही उदाहरणे घडतात. देयकाचा वाद स्वतंत्र आहे आणि तो सोडविण्याचे मार्गही स्वतंत्र आहेत. नोंदी देण्याच्या २००२ च्या विनियमात थकबाकीचा अपवाद नमूद केलेला नाही.

सरकारी रुग्णालय असेल तर

ग्रामीण रुग्णालयापासून जळगाव किंवा धुळ्याच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयापर्यंत सर्व शासकीय संस्थांना वरील साध्या अर्जाबरोबरच माहिती अधिकार कायदाही लागू आहे. २००५ च्या या कायद्यान्वये रुग्णाला स्वतःच्या नोंदींच्या प्रती मागता येतात. महाराष्ट्रात अर्जासाठी दहा रुपये आणि प्रत्येक पानासाठी दोन रुपये शुल्क आहे. दारिद्र्यरेषेखालील अर्जदारास शुल्क माफ आहे. अर्ज एकाच विषयाचा व दीडशे शब्दांच्या आत असावा. माहिती ३० दिवसांत मिळाली नाही, तर त्याच संस्थेतील प्रथम अपिलीय अधिकाऱ्याकडे आणि त्यानंतर राज्य माहिती आयोगाकडे अपील करता येते. खान्देशातील प्रकरणे आयोगाच्या नाशिक खंडपीठाकडे जातात.

दिल्लीतील एका शासकीय मनोरुग्ण संस्थेसंबंधीच्या प्रकरणात केंद्रीय माहिती आयोगाने २०१४ मध्ये, स्वतःच्या वैद्यकीय नोंदी मिळविणे हा रुग्णाचा हक्क असल्याचे स्पष्ट केले होते. तरीही माहिती अधिकार ही दुसरी पायरी मानावी. बहात्तर तासांत जे काम होऊ शकते, त्यासाठी प्रथमच तीस दिवसांचा मार्ग निवडण्यात शहाणपण नाही. रुग्ण अत्यवस्थ असेल, तर तीस दिवस फारच मोठे असतात.

नकार मिळाल्यास

पोच असलेल्या अर्जाला मुदतीत उत्तर आले नाही, तर प्रथम एक स्मरणपत्र द्यावे. त्यानंतर अॅलोपॅथीच्या डॉक्टरविरुद्ध मुंबईतील महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडे तक्रार करता येते. आयुर्वेद व होमिओपॅथीच्या डॉक्टरांसाठी स्वतंत्र परिषदा आहेत. त्यामुळे तक्रारीपूर्वी डॉक्टरांची पदवी व नोंदणी पाहावी. रुग्णालयाच्या नोंदणी अधिकाऱ्याकडेही दाद मागता येते. जळगाव व धुळे शहरांत ही जबाबदारी महापालिकेची, तर अन्यत्र जिल्ह्यातील शासकीय आरोग्य यंत्रणेची असते.

तिसरा मार्ग ग्राहक आयोगाचा. सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये इंडियन मेडिकल असोसिएशन विरुद्ध व्ही. पी. शांता या खटल्यात, मोबदला घेऊन दिलेली वैद्यकीय सेवा ग्राहक संरक्षण कायद्याच्या कक्षेत येते, असा निर्णय दिला. सर्वांवर विनामूल्य उपचार करणाऱ्या रुग्णालयांना मात्र त्यातून वगळण्यात आले. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने तक्रारदाराची एक मोठी अडचण दूर केली. तक्रारदार जेथे राहतो किंवा नोकरी करतो, तेथील जिल्हा आयोगाकडेही आता तक्रार दाखल करता येते. जळगावात उपचार घेऊन पुण्यात स्थायिक झालेल्या रुग्णाला प्रत्येक तारखेसाठी जळगाव गाठण्याची गरज उरलेली नाही. पाच लाख रुपयांपर्यंतच्या मोबदल्याच्या प्रकरणांत शुल्कही नाही. मात्र तक्रार कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत करावी लागते. फायलींची तीन वर्षे आणि तक्रारीची दोन वर्षे या दोन्ही मुदती परस्परांची वाट पाहत नाहीत.

दवाखानाच बंद झाला तर?

डॉक्टर निवृत्त झाले, त्यांचे निधन झाले किंवा रुग्णालय दुसऱ्याने चालवायला घेतले, असेही घडते. अशा वेळी इतिहास मागच्या दाराने शोधावा लागतो. प्रयोगशाळा, एक्स-रे व सोनोग्राफी केंद्र यांच्याकडे त्यांच्या प्रती असू शकतात. आरोग्य विम्यातून खर्च मिळाला असेल, तर विमा कंपनीकडे दाव्यासोबत दिलेली कागदपत्रे असतात. शासकीय योजनेतून उपचार झाले असल्यास आणखी एक वाट आहे. आजची महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजना २०१२ मध्ये राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना या नावाने ज्या आठ जिल्ह्यांत प्रथम सुरू झाली, त्यांत धुळे होता. पुढे ती राज्यभर लागू झाली. या योजनेत उपचारांना मंजुरी मिळविण्यासाठी रुग्णाची कागदपत्रे संगणकावर चढवावी लागतात. त्यामुळे योजनेतील रुग्णालयात बसणाऱ्या आरोग्यमित्राकडे चौकशी करणे उपयुक्त ठरते. याशिवाय नेहमीच्या फॅमिली डॉक्टरांकडे तज्ज्ञांनी पाठविलेली पत्रे असू शकतात. यातले काहीच न मिळाल्यास, रुग्णाला व घरच्यांना आठवते ते तारखांसह एका कागदावर लिहून ठेवावे. अर्धवट का होईना, पण डॉक्टरांना त्याचा आधार मिळतो.

आयुष्मान भारत डिजिटल मिशनची देशव्यापी सुरुवात २०२१ मध्ये झाली. त्यातील चौदा अंकी 'आभा' क्रमांकाशी रुग्णाच्या संमतीने नोंदी जोडता येतात. वेगवेगळ्या गावांत विखुरलेला इतिहास एका ठिकाणी आणण्याचा हा प्रयत्न स्वागतार्ह आहे. परंतु ज्या नोंदी संबंधित रुग्णालयाने या व्यवस्थेशी जोडल्या असतील त्याच तेथे दिसतात. कपाटातील जुने गठ्ठे केवळ क्रमांक काढल्याने त्यात येत नाहीत. म्हणून कागद मिळवून मोबाइलवर त्यांचे स्पष्ट छायाचित्र काढणे, वर्ष व आजारानुसार नाव देणे आणि त्याची एक प्रत मुलांकडे ठेवणे हा साधा मार्ग आजही सर्वांत भरवशाचा आहे.

मागणीची योग्य वेळ

या सर्व नियमांचे तात्पर्य एकच आहे. कागद मागण्याची खरी वेळ भांडण झाल्यानंतरची नाही आणि दुसरा आजार उद्भवल्यानंतरचीही नाही. रुग्ण बरा होऊन घरी निघतो, डॉक्टरांचे आभार मानले जातात, बिल चुकते होते, त्या दिवशी फाइल ताजी असते, आंतररुग्ण क्रमांक हाताशी असतो आणि कोणाच्याही मनात संशय नसतो. त्याच दिवशी प्रतींसाठी अर्ज द्यावा. ते राहून गेले असेल, तर गाव किंवा डॉक्टर बदलण्यापूर्वी द्यावा. तेही राहिले असेल, तर उपचार सुरू झाल्याच्या तारखेपासून तीन वर्षे पूर्ण होण्यास किती दिवस उरले आहेत, ते मोजावे.

आई-वडील गावी आणि मुले शहरात, असे चित्र आज खान्देशातील असंख्य कुटुंबांत आहे. दिवाळीला किंवा अक्षय्य तृतीयेला, म्हणजेच आखाजीला गावी गेल्यावर एक दुपार त्या खुंटीवरच्या पिशवीसाठी काढावी. कोणते कागद आहेत, कोणते नाहीत आणि नसलेले कोणत्या रुग्णालयात आहेत, याची यादी करावी. वडिलांची अधिकारपत्रावर सही घेऊन ठेवावी आणि परतीच्या वाटेवर जळगावच्या त्या रुग्णालयात अर्ज देऊनच पुढची गाडी पकडावी.